बारक्यासाठी बाक

१२ जानेवारी

ही डायरी बायकोने आणून दिली. डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला, माझ्याशी न बोलता तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्यांना मनातलं कुठेतरी काढू द्या." घरी येताना तिने दुकानातून हीच घेतली. "आता माझ्यावर काढायचं ते हिच्यावर काढा," म्हणाली. मी सुतार माणूस. आजवर वहीत मापांपलीकडे काही लिहिलेलं नाही. बघू.

तर मनातलं. एप्रिलमध्ये बारक्याला जाऊन वर्ष होईल. बारक्या म्हणजे माझा पहिलीपासूनचा मित्र. अंगाने एवढासा, पण नाकावर कायम राग. सैन्यात भरती व्हायचं तर उंची जराशी कमी पडत होती, म्हणून आमच्या कारखान्याच्या तुळईला रोज लटकायचा. माझे वडील म्हणायचे, "अरे, तू वाढणार नाहीस, पण माझी तुळई वाकेल." तरी गेला भरतीला, आणि घेतलंही त्याला. पुष्कळ वर्षं राहिला, सुटून घरी आला, आणि गेल्या एप्रिलमध्ये खाणीच्या तळ्यात बुडून गेला. काठावर शेवाळ असतं. पाय घसरला. नशिबाच्या गोष्टी.

त्याच्या नावाचं गावात काहीच नाही, हे मला सहन होत नाही. मी एक बाक करणार आहे. आम्ही लहानपणी तळ्यात उड्या मारायचो त्याच काठावर, पाण्याकडे तोंड करून. अस्सल सागवान. लाकूड घरात आहे.

१३ जानेवारी

ते सागवान मी पलंगासाठी ठेवलं होतं, ह्याची बायकोने आठवण करून दिली. पलंगाचं वचन लग्नातलं आहे. "जिवंत बायको सतरंजीवर आणि मेलेला मित्र सागवानावर," म्हणाली. मग स्वतःच डोळे पुसले आणि म्हणाली, "करा. पण चांगला करा."

२० जानेवारी

माजी सैनिकांच्या संघटनेत गेलो होतो. पोस्टाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीवर रांगेने फोटो, सगळ्यांचे चेहरे एकाच माणसाने काढल्यासारखे. चौकातल्या हुतात्मा स्तंभावर बारक्याचं नाव कोरता येईल का, विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, नाही. स्तंभ कामावर असताना गेलेल्यांचा. हे सुटून आल्यावर गेले.

माझा पारा चढला. म्हटलं, "म्हणजे तिकडे गोळी खाल्ली असती तर बरं झालं असतं का तुम्हाला?"

ते रागावले नाहीत. मला बसायला सांगितलं, चहा मागवला. "कसे गेले?" विचारलं. मी सांगितलं, घसरून. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. मग म्हणाले, "झोप लागायची का त्यांना?"

आता झोपेचा आणि स्तंभाचा काय संबंध? मी म्हटलं, मी काय त्याच्या उशाशी बसायचो? चहा अर्धा टाकून आलो. असल्या लोकांकडून काही होणार नाही, आपलं आपणच करायला हवं.

२७ जानेवारी

अर्धी दाढी करून परत आलो. झालं असं की सलूनवाल्याने माझ्या गालावर वस्तरा ठेवला आणि बाकाची चौकशी केली. मी सांगितलं. तर म्हणतो, "पण काय हो, अख्ख्या गल्लीला पोहायला शिकवणारा माणूस बुडतो कसा?"

मी म्हटलं, थंड पाण्यात पेटके येतात.

"एप्रिलात?" म्हणाला. "आणि बूट घालून कोण पोहायला उतरतं?"

"तो पोहायला गेला नव्हता, फिरायला गेला होता!" मी एवढ्या जोरात ओरडलो की बाकावरच्या गिऱ्हाइकाने वर्तमानपत्र खाली केलं. तोंडावरचा फेस पुसला आणि उठलो. बायकोला हसू आवरेना. उरलेली बाजू तिनेच करून दिली आणि दोन ठिकाणी कापलं.

लोकांना दुसऱ्याच्या मरणातही रस हवा असतो. सरळ गोष्ट सरळ ऐकवत नाही.

४ फेब्रुवारी

नगरपालिकेत परवानगीचा अर्ज दिला. बागकामाच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "बाक कठड्याच्या आत हवा की बाहेर?" मी म्हटलं, बाई, कसला कठडा, काठावर हवा, पाण्यापाशी. त्यांनी "बघतो" म्हटलं. ह्यांना बहुतेक गावातलं दुसरं तळं वाटत असणार. खुर्चीत बसून गाव कळत नाही.

काठापर्यंत मी कित्येक वर्षांत गेलेलो नाही, आणि बारक्या गेल्यापासून त्या बाजूलाही नाही. लाकूड आणायला जातो तेही गोदामाकडून वळसा घालून. पण ती जागा डोळे मिटून काढून देईन.

११ फेब्रुवारी

बाकाचे पाय झाले. खिळा एकही नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. बारक्यालाही हे दाखवलं होतं. सुटून आल्यावर काही महिने तो माझ्याकडे कामाला होता. हात चांगला होता, पण एका जागी टिकायचा नाही. सारखा उठून दारापर्यंत जाऊन यायचा. आणि बसायचा कुठे, तर फळ्यांच्या थप्पीमागच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. मी त्याला वॉचमन म्हणायचो.

एकदा माझ्या कामगाराने हवेच्या दाबावर खिळे मारणारं नवं मशीन चालू केलं. पहिला खिळा फटदिशी बसला आणि बारक्या कामाच्या टेबलाखाली. आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला. फक्त बराच वेळ बाहेर आला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून येणं बंद झालं. पाठ दुखते म्हणाला.

मजेशीर माणूस होता.

१८ फेब्रुवारी

बारक्याच्या घरी गेलो. घर म्हणजे दोन खोल्या, एकीत काकू, म्हणजे त्याची आई, एकीत वहिनी, त्याची बायको. वहिनी तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टाला बटणं लावतात आणि संध्याकाळी घरी इस्त्री घेतात. खोलीभर दुसऱ्यांचे शर्ट टांगलेले.

बाकाचं ऐकून काकूंना केवढा आनंद झाला. माझा हात धरून म्हणाल्या, "माझा शहाणा गं बाळ तो. तू तरी लक्षात ठेवलंस. त्यावर नीट लिही, अपघाती निधन. अपघाती हा शब्द राहू देऊ नको." शेवाळाचं पुन्हा सगळं सांगितलं. त्या हे नेहमी सांगतात, आणि सांगताना वहिनींकडे बघतात.

वहिनी इस्त्री करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तळ्यावर नको, भाऊजी."

मी म्हटलं, लांब पडतं म्हणून म्हणताय का? मी गाडीने नेईन आणीन.

"लांबचं नाही."

"मग?"

काकू मध्येच म्हणाल्या, "तिला दमायला होतं रे दिवसभर. तू कर." वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली आणि आत गेल्या. शर्टाची बाही तशीच चुरगळलेली राहिली.

१९ फेब्रुवारी

मला वहिनींचं वागणं आवडलं नाही. वर्षही झालं नाही आणि माणसाला विसरायची घाई. मी हे बायकोला म्हणालो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्हाला लाकडातली गाठ बरोबर दिसते. माणसाची दिसत नाही." आणि भाजी घेऊन ओट्याकडे गेली. तेव्हापासून अबोला.

९ मार्च

बाक जवळजवळ झाला. पाठीची फळी एकसंध घेतली आहे, रेघा अशा आल्या आहेत की हात फिरवत राहावंसं वाटतं. ह्या वर्षातलं माझं सगळ्यात चांगलं काम. बारक्या असता तर त्यातही खोड काढली असती.

१५ मार्च

आज जे झालं ते लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

दुपारी वहिनी माझ्या कारखान्यात आल्या. एकट्याच. कामगार जेवायला गेले होते. "बघू द्या," म्हणाल्या. मी कापड काढलं. त्यांनी फळीवरून हात फिरवला, मग बसल्या. बसून मागे वळून पाहिलं.

"छान आहे," म्हणाल्या. "पण ते ह्यावर बसले नसते."

मी म्हटलं, का?

"पाठ उघडी राहते. सुटून आल्यापासून पाठीला भिंत नसली तर ते बसत नव्हते, भाऊजी. हॉटेलात गेलो तर कोपऱ्यातलं टेबल रिकामं होईपर्यंत उभं राहायचं. बहिणीच्या लग्नात मंडपात मधल्या रांगेत बसवलं, तर जेवायच्या आधी घरी. घरातसुद्धा खुर्ची कपाटाला टेकून, दाराकडे तोंड. आणि तुम्ही त्यांना चारी बाजूंनी मोकळ्या काठावर बसवताय."

मी कापडाची घडी करायला घेतली. मग त्या म्हणाल्या, "आणि मी तिथे येऊन त्या पाण्याकडे बघत बसू?"

"अपघात कुठेही होतो, वहिनी—"

"ते घसरले नाहीत."

मी म्हटलं, असं बोलू नका. त्या म्हणाल्या, "मी वर्षभर बोलले नाही. आईंसमोर बोलता येत नाही, शेजारी बोलता येत नाही. रात्र रात्र जागायचे. मला म्हणायचे, तू झोप, मी आहे. तुम्ही त्यांचे सगळ्यात जवळचे. तुमच्यासमोर तरी बोलू द्या."

मी त्यांना जायला सांगितलं. ओरडून सांगितलं. माझ्या बारक्याला भित्रा ठरवू नका, असं काहीतरी म्हणालो. त्या पदर सावरून उठल्या आणि गेल्या. मी रंधा घेतला आणि पाठीची फळी तासत बसलो. ती गुळगुळीतच होती. थांबलो तेव्हा एका कडेला इतकी पातळ झाली होती की बोट दाबलं तर वाकली.

१६ मार्च

फळी वाया गेली. दुसरी नाही.

२२ मार्च

सकाळी तळ्यावर गेलो. काठापर्यंत कित्येक वर्षांनी गेलो. वहिनींना खोटं पाडायला गेलो, हे खरं लिहायला हवं. शेवाळ बघायचं, जागा बघायची, आणि त्यांना सांगायचं की इथून असा पाय घसरतो.

काठ उरलेलाच नाही. आमच्या उड्या मारायच्या दगडांवरून सिमेंटचा रस्ता गेला आहे, आणि त्याला सबंध कठडा. जाड, दगडी, मुलं पडू नयेत म्हणून बांधलेला. पाटीवरची तारीख बारक्या जाण्याच्या दोन वर्षं आधीची. नगरपालिकेतल्या बाई बरोबर होत्या. माझा बाक तिथे ठेवला असता तर बसणाऱ्याला पाणी दिसलंच नसतं, समोर दगड दिसला असता. मी लहानपणच्या काठाचं माप घेऊन बाक केला.

कठड्यापाशी उभा राहिलो. खिशात टेप असतोच. का कोण जाणे, काढला आणि मोजलं. कठडा माझ्या कमरेच्या वर येतो. मग बारक्याची उंची धरली. त्याची उंची मला पाठ आहे, भरतीच्या वेळी तुळईखालच्या खांबावर मीच रोज खूण करायचो. कठडा त्याच्या छातीला लागतो.

छातीएवढ्या कठड्यावरून माणूस घसरून पडत नाही. त्यावर चढावं लागतं. हातांवर जोर देऊन, एक पाय वर टाकून, मग दुसरा. बूट घातलेले असले तर जास्तच.

पुन्हा मोजलं. तेवढंच.

तिथेच रस्त्यावर बसलो आणि रडलो. फिरायला आलेली माणसं बघून जात होती. बारक्याने जीव दिला. माझ्या बारक्याने जीव दिला, आणि मी वर्षभर शेवाळाची गोष्ट सांगत फिरलो.

२४ मार्च

कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी थांबलो. वहिनी बायकांच्या घोळक्यातून बाहेर आल्या, मला पाहून थबकल्या. मी म्हटलं, "मी कठडा मोजला." एवढंच तोंडातून निघालं. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "चहा घेऊ या का?"

टपरीवर उभ्यानेच प्यालो. मी विचारलं, बाक कुठे ठेवू? त्यांनी विचार केला नाही, उत्तर तयार होतं. वाचनालयाच्या मागचं आवार. तिथल्या भिंतीपाशी तो दुपारचा जाऊन खाली मातीत बसायचा. तिथून दोन्ही फाटकं दिसतात, मागून कोणी येऊ शकत नाही, आणि आवाज नसतो. "तिथे त्यांचा डोळा लागायचा," म्हणाल्या. "तेवढ्या एकाच ठिकाणी."

मला हे माहीत नव्हतं. मी त्याचा सगळ्यात जवळचा.

नवीन पाठीला लाकूड नव्हतं. भिंतीला लावायचा तर पाठ हवी कशाला? पाठीचे वाया गेलेले सांधे कापून टाकले. नगरपालिकेत अर्जातली जागाही बदलून दिली.

२ एप्रिल

पत्र्याच्या पट्टीवर काय लिहायचं ह्यावरून काकूंचा निरोपावर निरोप. 'अपघाती' राहिला नाही ना? वहिनी म्हणतात नाव आणि दोन तारखा, बास. मी दोघींमध्ये अडकित्त्यातली सुपारी. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे पट्टी केली आणि काकूंना काही सांगितलं नाही. भीती वाटते. म्हातारीला शेवाळाचाच आधार आहे, तो काढून घेतला तर ती मोडून पडेल.

६ एप्रिल

वर्ष झालं. बाक बसवला. आलो होतो आम्ही दोघं, वहिनी, काकू आणि संघटनेचे सेक्रेटरी. त्यांना मी बोलावलं नव्हतं, बहुतेक नगरपालिकेतून कळलं. इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभे होते.

काकूंनी चष्मा लावून पट्टी वाचली. "हे एवढंच?" म्हणाल्या. मग सेक्रेटरींकडे वळून त्यांनी सुरू केलं: शेवाळ फार होतं हो, बुटाचे तळवे झिजलेले, मी त्याला दहादा सांगितलं नवे घे.

"आई, नको ना," वहिनी म्हणाल्या.

"का नको? खरं ते सांगते. पाय घसरला—"

"काकू," मी म्हटलं. "मी जाऊन कठडा मोजला."

बायकोने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं आता काकू खाली कोसळणार. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"माझ्या हनुवटीला लागतो," म्हणाल्या. "मी पहिल्याच आठवड्यात जाऊन आले."

वहिनी म्हणाल्या, "मग आई, तुम्ही रोज..."

"तुला घसरला वाटत होतं ना. ह्यालाही तेच वाटत होतं. म्हटलं वाटू दे. तरुण पोरगी आहे, जन्म काढायचा आहे तिला." मग त्या वहिनींकडे वळल्या. "मी तुझ्यासाठी घसरवत होते गं त्याला रोज."

वहिनींनी त्यांना धरलं. त्या दोघी भिंतीला पाठ लावून बाकावर बसल्या आणि अशा रडल्या की वाचनालयाच्या खिडकीत लोक आले. गेल्या वर्षी बारक्याला नेलं तेव्हा दोघींचे डोळे कोरडे होते. आम्ही कौतुक केलं होतं, किती खंबीर आहेत म्हणून.

सेक्रेटरी जाताना माझ्यापाशी थांबले. म्हणाले, असे आणखी आहेत. त्यातल्या कोणाचंच नाव स्तंभावर नाही. आमच्यातला एक सध्या घराबाहेर पडत नाही, त्याला इथे आणलं तर चालेल का? मी म्हटलं, आवार नगरपालिकेचं आहे, मला काय विचारता. मग म्हटलं, आणा.

१९ एप्रिल

पॉलिश नीट बसलंय का बघायला दुपारी आवारात गेलो. बाकावर एक माणूस होता. माझ्याच वयाचा, दाढी वाढलेली, उन्हातही अंगात जाड कोट. फाटकापाशी सेक्रेटरी उभे होते. मला बघून त्यांनी मान हलवली आणि बाहेर गेले.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, फाटकाकडे बघत होता. मग पट्टीवर बोट ठेवलं.

"हा कोण?"

"माझा मित्र," मी म्हटलं. "सैन्यात होता. घरी आल्यावर त्याने जीव दिला."

अनोळखी माणसाला हे सांगितलं आणि आकाश कोसळलं नाही. त्याने मान डोलावली. आता विचारेल, कसा, कुठे, का. वर्षभर सगळ्यांनी तेच विचारलं आहे.

"कसा होता?" त्याने विचारलं.

मला सगळं एकदम आठवलं.

"बुटका," मी म्हटलं. "आणि महा चिडका. पत्त्यात हरला की पत्ते फाडायचा."

तो हसला. म्हणजे तोंड थोडं हललं. पाठ भिंतीला टेकवून त्याने पाय लांब केले आणि म्हणाला, "मग?"

मी सांगायला लागलो.